मशीनचे तास मीटरवर, ऑपरेटरचे तास कुठे?

दिवाळी झाली, रानं वाळली की गावोगाव जेसीबीचा आवाज सुरू होतो. कुठे बांधबंदिस्ती, कुठे शेततळं, कुठे घराचा पाया, कुठे पाणंद रस्ता. मशीन रानात उतरलं की आधी एक गोष्ट होते. शेतकरी किंवा मुकादम केबिनमध्ये डोकावून तासांच्या मीटरचा फोटो काढून घेतो. काम संपल्यावर दुसरा फोटो. दोन आकड्यांची वजाबाकी केली की पैसे ठरले. मीटर समोर असल्यामुळे यात सहसा वाद होत नाही.

पण त्याच केबिनमध्ये बसलेला माणूस सकाळी किती वाजता बसला, आदल्या रात्री किती वाजता उतरला, या महिन्यात त्याला किती सुट्ट्या मिळाल्या, याचा फोटो कुणी काढत नाही. बहुतेक ठिकाणी तशी वहीसुद्धा नसते. ही नोंद नसण्याची किंमत रोज कळत नाही. ती कळते अपघात झाल्यावर, आणि तेव्हा ती घरच्यांना मोजावी लागते.

मशीनला सगळे कागद, माणसाला एकही नाही

जेसीबी हे यंत्राचं नाव नाही, कंपनीचं आहे. इंग्लंडमध्ये १९४५ साली जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी ही कंपनी सुरू केली, त्यांच्या नावाची ती आद्याक्षरं. भारतात १९७९ पासून हरियाणातल्या बल्लभगडला आणि पुढे पुण्याजवळ तळेगावलाही तिचे कारखाने झाले. पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव, हायवा हे डच कंपनीचं. गावाने ही नावं उचलली आणि यंत्रांना कायमची चिकटवली.

यंत्राला नाव आहे तसे कागदही आहेत. खरेदीची पावती, कर्जाची फाईल, विम्याची पॉलिसी, टायरवाल्या मशीनला आरटीओचा नंबर. किती तासांनी ऑइल बदलायचं, कुठे रोज ग्रीस मारायचं, हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते चुकलं तर मशीन बंद पडेल म्हणून मालक ते पाळतोही. ऑपरेटर मात्र अनेकदा मालकाच्या मोबाईलमध्ये ‘ऑपरेटर २’ म्हणून सेव्ह केलेला एक नंबर असतो. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, हजेरी नाही. पगार अर्धा रोख, अर्धा उचलीत वळता.

हे काम आता थोड्याथोडक्यांचं राहिलेलं नाही. १९७२ च्या दुष्काळात गावाने खडी हाताने फोडली, पाझर तलावाची माती डोक्यावरून वाहिली. त्यातूनच पुढे १९७७ चा राज्याचा रोजगार हमी कायदा आला. आज मऊ मातीत जेसीबी तासाभरात जेवढं खोदतो, तेवढ्याला दहा-बारा माणसांचा दिवस जाईल. म्हणूनच २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात ठेकेदाराला बंदी आणि शक्यतो माणसांच्या हातानेच काम, अशी अट घातली गेली. पण त्या योजनेबाहेरचं बहुतेक मातीकाम यंत्राकडे गेलं. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आलं, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण योजना आली. दहा जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. या प्रत्येक कामाने तालुक्यातल्या पोरांना मशीनच्या सीटवर बसवलं. शेती परवडत नाही, नोकरी मिळत नाही, तेव्हा ‘ऑपरेटर हो’ हा सल्ला आज घरोघर दिला जातो. सल्ला वाईट नाही. पण त्यासोबत कोणते कागद करून घ्यायचे, हे कुणी सांगत नाही.

मालक का पळवतो?

ऑपरेटरकडून बारा-चौदा तास काम घेणारा प्रत्येक मालक दुष्टच असतो असं नाही. बहुतेक मालक गावातलेच असतात. कुणी जमीन गहाण टाकलेली, कुणी आधी स्वतः ऑपरेटर होता. त्यांचं गणित समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न समजत नाही.

एक उदाहरण धरू. २८ लाखांचं कर्ज, चार वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण ७० हजार रुपये. तासाचा दर १,२०० आणि दिवसाचे ८ तास धरले तर ९,६०० रुपये येतात. तासाला ५ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरले तर ३,६०० डिझेलमध्ये गेले. हातात राहिले ६,०००. महिन्यात २५ दिवस काम लागलं तर दीड लाख.

आकडा मोठा दिसतो. पण काम वर्षभर नसतं. पावसाळ्यात चार महिने मशीन शेडमध्ये किंवा दारात उभं असतं. म्हणजे आठ महिन्यांचे १२ लाख. हप्ते मात्र बारा महिन्यांचे, ८ लाख ४० हजार. ऑपरेटरला महिना २० हजार धरले तर आठ महिन्यांचे १ लाख ६० हजार. उरले २ लाख. त्यातच टायर, हायड्रॉलिक ऑइल, बकेटचे दात, विमा, अडलेली दुरुस्ती आणि मालकाचं घर. त्यात सरकारी कामाचं बिल सहा महिने थकलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

मग मालकासमोर दोनच वाटा राहतात. दर वाढवायचा किंवा तास वाढवायचे. तालुक्यात मशीन जास्त झाल्यामुळे दर वाढत नाही. १ जानेवारी २०२५ पासून टायरवाल्या मशीनला धुराचे नवे नियम लागू झाल्याने नव्या मशीनची किंमतही वाढली. म्हणून वाढतात ते तास. हप्त्याचं ओझं असं मालकाकडून सरकत ऑपरेटरच्या झोपेवर येऊन बसतं. त्याच गणितात ऑपरेटरचे पावसाळ्याचे चार महिने बिनपगारी जातात. मग घर चालवायला तो उचल घेतो. हंगाम सुरू झाल्यावर ती फेडेपर्यंत मालक सोडता येत नाही आणि जास्त तासांना नाही म्हणता येत नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याखाली केंद्राने केलेल्या नियमांत दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातलेली होती. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. किती ऑपरेटरना हे कुणी सांगितलं असेल?

हेल्पर ते ऑपरेटर

हे काम शिकण्याची गावातली रीत ठरलेली आहे. आधी हेल्पर म्हणून लागायचं. डिझेल भरायचं, ग्रीस मारायचं, उस्ताद जेवायला बसला की पाच मिनिटं लिव्हर हातात घ्यायचा. दोन-तीन हंगामांत हात बसतो. असे शिकलेले कित्येक ऑपरेटर इतके तयार असतात, की बकेटच्या दाताने पाईपलाईनवरची माती अलगद काढतात. कौशल्यात ते कुठेच कमी नसतात. कमी असतो तो कागद.

टायरवाला जेसीबी रस्त्यावर आला की मोटार वाहन कायद्याखाली येतो. नियमांत अशा यंत्रांसाठी ‘बांधकाम उपकरण वाहन’ अशी वेगळी व्याख्या आहे. ते चालवणाऱ्याकडे त्या प्रकाराची नोंद असलेलं लायसन्स हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स नसताना चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. रस्त्यावर कुणी दुखावलं आणि ऑपरेटरकडे योग्य लायसन्स नसलं, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. ऑपरेटरचं लायसन्स ही मालकाचीही गरज आहे ती यासाठी.

जुन्या, अनुभवी ऑपरेटरला पुन्हा शाळेत बसायची गरज नाही. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केलेली आहे. बॅकहो लोडर आणि एक्सकॅव्हेटर, म्हणजे आपला जेसीबी आणि पोकलेन, दोन्हींचे ठरलेले अभ्यासक्रम आहेत. मोठ्या कंपनीच्या साइटवर किंवा परदेशात काम शोधायचं असेल तर हा कागद उपयोगी पडतो.

अपघात कुठे होतात

पहिला धोका डोक्यावरच्या तारांचा. रानातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असाव्यात असा नियम. जेसीबीचा मागचा बूम पाच मीटरच्या वर सहज जातो. म्हणजे तार नियमाप्रमाणे असली तरी बूम तिला लागू शकतो. त्यातून रानात भराव टाकला असेल तर अंतर आणखी कमी. तारेखाली काम असेल तर आधी महावितरणला सांगून लाईन बंद करून घेणं एवढाच खरा उपाय आहे.

तरीही तारेला मशीन लागलंच तर ऑपरेटरने खाली उतरू नये. केबिनमध्येच बसून, शक्य असेल तर मशीन तारेपासून दूर घ्यावं. मशीनला आग लागली तरच बाहेर यायचं. तेही एक पाय मशीनवर आणि एक जमिनीवर असं नाही. दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जमिनीवरून न उचलता छोट्या पावलांनी सरकत लांब जायचं. बाहेरच्यांनी मशीनला हात लावायचा नाही. वाचवायला धावलेला माणूसच अशा वेळी आधी जातो.

दुसरा धोका चराचा आणि विहिरीचा. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. ती छातीवर आली तर माणसाला श्वास घेता येत नाही. काठावर मशीन उभं असताना खाली माणूस उतरवणं आणि खोदलेली माती काठालाच रचणं, या दोन सवयी जीव घेतात. तिसरा धोका मागे घेताना. मशीनमागे कोण उभं आहे ते केबिनमधून नीट दिसत नाही आणि गावात मशीनभोवती पोरांची गर्दी ठरलेलीच. २०१९ च्या मे महिन्यात ‘जेसीबी की खुदाई’ म्हणून देशभर विनोद फिरले. बघ्यांची ती गर्दी ऑपरेटरसाठी विनोद नसते.

त्यात आता बकेटचा नवा वापर आला आहे. नेत्यावर फुलं उधळायला, मिरवणुकीत गुलाल टाकायला जेसीबी लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निकालाच्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या महागावात मिरवणुकीत जेसीबीतून गुलाल टाकताना भडका उडाला आणि नवनिर्वाचित आमदारांसह काही जण भाजले. बकेट माती उचलायला बनवलेली आहे. तिच्यात माणसं उभी करणं किंवा ती गर्दीवर धरणं हे ऑपरेटरने नाकारायला हवं. पण पुढाऱ्याला नाही म्हणण्याइतकं बळ बिनकागदाच्या माणसात कुठून येणार?

मोठ्या कामांवर धोकाही मोठा. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे समृद्धीच्या पुलाचं काम सुरू असताना गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. त्यात पोटापाण्यासाठी परराज्यांतून आलेले अनेक जण होते.

अपघातानंतरची ‘तडजोड’

ऑपरेटरचा कामावर जीव गेला की पुढचं बहुतेक गावांत सारखंच घडतं. चार प्रतिष्ठित माणसं बसतात, मालक लाख-दोन लाख देतो, कागदावर सही होते, विषय मिटतो. मालकालाही वाटतं आपण माणुसकी दाखवली.

कायद्याचा हिशेब फार वेगळा आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने ठरलेलं सूत्र असं : मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्मे गुणिले वयानुसारचा आकडा. २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५ हजार धरला जातो. वय २५ असेल तर आकडा २१६.९१. म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, एकूण १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मृत्यूच्या भरपाईचा हाच पाया घेतलेला आहे.

यात तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. पहिली, मृत्यूची भरपाई थेट घरच्यांच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही. ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. म्हणजे गावात बसून केलेली तडजोड वारसांचा हक्क संपवत नाही. दुसरी, मशीन भाड्याने घेऊन आपल्या धंद्याचं काम करून घेणारी मोठी कंपनी किंवा मुख्य ठेकेदार हात झटकू शकत नाही. भरपाई त्यांच्याकडेही मागता येते, मग त्यांनी ती मशीनमालकाकडून वसूल करावी. तिसरी, दावा उशीर न करता, दोन वर्षांच्या आत दाखल करावा.

मालकांनीही एक गोष्ट तपासून घ्यावी. टायरवाल्या मशीनची मोटार पॉलिसी असते, तिच्यात ड्रायव्हरची जबाबदारी येते. चेनवाल्या पोकलेनची पॉलिसी बहुधा यंत्राच्या नुकसानीची असते. मशीन पलटी झालं तर मशीनचे पैसे मिळतील, आतल्या माणसाचे नाही. त्यासाठी कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी काढावी लागते. ती नसेल तर वरचे सव्वासोळा लाख मालकाच्या घरातून जाणार. हप्त्याच्या ओझ्याखालच्या मालकाला एकच अपघात जमीन विकायला लावू शकतो.

मंडळाच्या रांगेत ऑपरेटर का दिसत नाही?

बांधकाम कामगार मंडळाची पेटी आणि भांड्यांचा संच गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी रांगा लागतात. त्या रांगेत जेसीबी ऑपरेटर क्वचित दिसतो, कारण आपण ‘बांधकाम कामगार’ आहोत हेच त्याला वाटत नाही. १९९६ च्या कायद्याच्या व्याख्येत मात्र रस्ते, पूल, कालवे, धरणं, बंधारे, पाणीपुरवठा यांची कामं येतात आणि त्यावरचा कुशल कामगारही येतो. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, ही अट. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाखांच्या मदतीची, मुलांना शिष्यवृत्तीची योजना मंडळाने आखलेली आहे. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर घेतला जातो, त्यातून हे पैसे येतात. म्हणजे ज्या रस्त्यावर ऑपरेटर राबतो त्याच रस्त्याच्या खर्चातून.

अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. हा दाखला ठेकेदार किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यायचा असतो. पण ऑपरेटर आज या तालुक्यात, उद्या त्या जिल्ह्यात. कुणाकडे किती दिवस केले याचा पुरावा नाही. ठेकेदार म्हणतो मालकाकडून घे, मालक म्हणतो माझं काय रजिस्टर आहे? पुन्हा तीच वही आडवी येते, जी कुणी ठेवलेली नसते.

पकडला जातो तो ऑपरेटर

वाळू आणि मुरमाच्या बाबतीत हीच कमजोरी वेगळ्या रूपात दिसते. विनापरवाना उत्खननावर महसूल खात्याची धाड पडते तेव्हा जागेवर मालक नसतो, ठेकेदार नसतो. असतो तो सीटवर बसलेला. मशीन जप्त होतं, दंड होतो, चोरीच्या गुन्ह्यात नाव ऑपरेटरचं येतं. ‘मालकाने सांगितलं म्हणून केलं’ हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसतं. मालक दंड भरून मशीन सोडवतो. ऑपरेटर तारखांना हजर राहतो. पुढे पोलिस भरतीच्या किंवा पासपोर्टच्या चौकशीत तोच गुन्हा आडवा येतो. म्हणून मुरूम, वाळू, खडीच्या कामावर जाण्याआधी परवान्याचा फोटो मोबाईलवर मागून घेणं हा ऑपरेटरचा हक्क आहे, आगाऊपणा नाही.

वही कुणी ठेवायची?

यावर मोठ्या योजनेची वाट बघत बसायची गरज नाही. पगार बँक खात्यावर आला तरी निम्मं काम होतं, कारण कोण कुणाकडे कामाला होता हे पासबुक सांगतं. मीटरचा फोटो जसा काढला जातो, तसा ऑपरेटरने रोज सुरू करताना आणि बंद करताना स्वतःचा एक फोटो काढून तो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तारीख, वेळ आणि मालकाचा नंबर तिन्ही नोंदले जातात. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी आणि भरपाईच्या दाव्यासाठी हा पुरावा उपयोगी पडू शकतो. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण देते. तीही खात्यालाच जोडलेली असते.

ग्रामपंचायतीलाही करता येण्यासारखं आहे. गावातल्या कामाचं बिल काढताना मशीनचे तास लिहिले जातातच. त्याच कागदावर ऑपरेटरचं नाव आणि दिवस लिहिले, तर दाखला द्यायला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही. मालकांच्या संघटना काही तालुक्यांत तासाचा दर एकत्र बसून ठरवतात. त्याच बैठकीत ऑपरेटरचा विमा दरात धरून ठरवला तर एकट्या मालकावर बोजा येत नाही आणि दर पाडणाऱ्याचा फायदाही होत नाही.

यातल्या कुठल्याच गोष्टीला मशीन थांबवावं लागत नाही. हंगाम आत्ताच सुरू झाला आहे, मेपर्यंत मशीन रात्रंदिवस चालणार आहे. उद्या सकाळी मीटरचा फोटो काढायला केबिनमध्ये डोकावणाऱ्याने सीटवर बसलेल्यालाही विचारावं : रात्री किती वाजता उतरला होतास? आणि उत्तर कुठेतरी लिहून ठेवावं.